पात्यावरचे नाव

काशीच्या समोर, गंगेच्या पूर्वतीरावर, रामनगरचा किल्ला आहे. राजा बलवंतसिंहांनी तो १७५० च्या सुमारास चुनारच्या फिकट पिवळ्या दगडात उभारला. आतल्या सरस्वती भवन संग्रहालयात पालख्या आहेत, हस्तिदंती काम आहे, जुन्या अमेरिकन मोटारी आहेत आणि शस्त्रांचे एक मोठे दालन आहे. याच संग्रहात एक भलेमोठे खगोलीय घड्याळ आहे. ते १८५२ साली बनारस दरबारच्या ज्योतिषाने बनवले, असे साल आणि कर्त्यासकट सांगितले जाते. शस्त्रांकडे वळले की हा नेमकेपणा संपतो. बंदुका आफ्रिकेतल्या, ब्रह्मदेशातल्या, जपानी, तलवारी राजघराण्याच्या. माहिती देशापाशी किंवा मालकापाशी येऊन थांबते. घड्याळ कोणी केले हा प्रश्न आपल्याला स्वाभाविक वाटतो, तलवार कोणी केली हा प्रश्न मात्र सुचतच नाही. यात रामनगरचा वेगळा दोष नाही. भारतातल्या बहुतेक संस्थानी शस्त्रागारांची हीच स्थिती आहे, आणि मराठी माणसाला ज्यांच्याबद्दल सर्वाधिक ममत्व आहे त्या तलवारींचीही हीच आहे. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते: पात्यावर नावच नाही, मग सांगणार काय? हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते. नाव नसलेल्या पात्याबद्दल बरेच काही सांगता येते, आणि नाव असलेल्या पात्याबद्दल आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी.

शस्त्र जिथे ठेवलेले असते तिथे ते बनलेले असते, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते, आणि तिचा फोलपणा दाखवायला रामनगरचाच इतिहास पुरेसा आहे. १६ ऑगस्ट १७८१ रोजी वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला त्याच्या शिवाला घाटावरच्या वाड्यात नजरकैद केले. पहाऱ्यावर ठेवलेल्या शिपायांजवळ काडतुसे नव्हती. नदीपलीकडून, रामनगरहून, राजाची हत्यारबंद माणसे आली आणि त्यांनी त्या तुकडीची कत्तल केली. तिचे तिन्ही इंग्रज अधिकारी मारले गेले. पुढे काही दिवसांतच कंपनीच्या एका तुकडीने रामनगरवर हल्ला केला, तेव्हा तिथल्या अरुंद गल्ल्यांत तिची दाणादाण उडाली. शेवटी चेतसिंह हरला, विजयगडचा खजिना इंग्रज फौजेने वाटून घेतला, आणि राजा ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या आश्रयाला गेला. तिथेच १८१० मध्ये त्याचे निधन झाले. म्हणजे एकाच प्रसंगात बनारसची शस्त्रे लुटीत गेली, पळून जाणाऱ्यांच्या कमरेला लागून मध्य हिंदुस्थानात गेली, आणि मेलेल्या शिपायांची शस्त्रे नदीच्या दोन्ही तीरांवर पसरली. अठराव्या शतकात असे प्रसंग दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे घडत. त्यात नजराणे, आंदण, खिलत, खरेदी-विक्री मिळवली की शस्त्रागार हा कारागिरीचा पुरावा उरत नाही. राजकारण आणि नातेसंबंध यांचा तो साठा असतो.

या साठ्यांत एक जात अशी आहे की तिच्यात कर्त्याचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो. ती म्हणजे फिरंग: लांब, बहुधा सरळ, बहुधा एकधारी पाते युरोपातले, आणि मूठ इथली. मूठ भरदार, बोटांना झाकणारी रुंद परज असलेली, मागे दुसऱ्या हाताने धरता येईल असा दांडा असलेली. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज, डच आणि इंग्रज जहाजांतून अशी सुटी पाती पश्चिम किनाऱ्यावर येत. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या सुरुवातीच्या पत्रव्यवहारात तलवारीच्या पात्यांचा उल्लेख व्यापाराचा माल म्हणूनही येतो आणि दरबारी नजराणा म्हणूनही. मराठ्यांनी हे पाते उचलून धरले, याचे कारण केवळ परदेशी मालाचे आकर्षण नव्हते. आपल्याकडचे मुशीत वितळवलेले पोलाद जगात नावाजलेले होते. तेलंगणातल्या भट्ट्यांतून निघालेल्या त्याच्या वड्या इराणपर्यंत जात, आणि त्यापासून घडवलेल्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखे जौहर उमटे. त्याची धार अप्रतिम. पण त्यात कर्ब जास्त, त्यामुळे लांब, सरळ, पातळ पाते जोराच्या आघाताला मोडण्याची धास्ती असे. युरोपी पात्यात कर्ब कमी, आणि ते पाणी देऊन असे तयार केलेले असे की वाकले तरी पुन्हा सरळ व्हावे. घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार करणाऱ्याला हेच हवे होते. दांडपट्ट्यालाही अशीच पाती लावलेली आढळतात, कारण पट्टा लवचिक नसेल तर तो चालवताच येत नाही.

यांतली बरीच पाती जर्मनीतल्या झोलिंगेन या गावची. वुपर नदीकाठचे हे गाव मध्ययुगापासून तलवारींवर जगत आले आणि आजही तिथे पात्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. ‘कोणी बनवले?’ या प्रश्नात आपण एक माणूस, एक ऐरण आणि एक सही गृहीत धरतो. झोलिंगेनमध्ये असा एकच माणूस नव्हताच. तिथे पाणी देणारे आणि धार लावणारे यांच्या संघाला १४०१ मध्ये सनद मिळाली, तलवारी घडवणाऱ्या लोहारांच्या संघाला १४७२ मध्ये, चाकूवाल्यांच्या संघाला १५७१ मध्ये. एकाचे काम दुसऱ्याने करायचे नाही असा दंडक होता. लोहार पाते ठोके, दुसरा त्याला पाणी देई, तिसरा नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सहाणेवर ते घासे, चौथा मूठ बसवून विकायला काढे. हिंदुस्थानात येणारे पाते या चौथ्याला वगळून आलेले असे. पात्यावर छाप असलीच तर ती लोहाराची. ज्याच्या कौशल्यावर पात्याचा लवचिकपणा ठरला त्या पाणी देणाऱ्याची नाही. लोहारांच्या खुणा संघाच्या पत्रकात नोंदवलेल्या असत: क्लेमेन्स होर्नचे एकशिंगी घोड्याचे डोके, योहानेस वुंडेसचे मुकुटधारी राजाचे डोके. अशी स्वच्छ छाप आणि सोबत पूर्ण नाव मिळाले तर ओळख पटली असे म्हणायला हरकत नसावी, असे वाटते. पण हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

झोलिंगेनचे लोहार स्वतःच्या नावापेक्षा दुसऱ्याचे नाव जास्त विकत. उत्तर इटलीतल्या बेलुनो भागात सोळाव्या शतकात आंद्रेया फेरारा नावाचा नामांकित कारागीर होऊन गेला. स्कॉटलंडमधल्या जाळीदार मुठीच्या तलवारींवर त्याचे नाव इतक्या मोठ्या संख्येने सापडते, आणि इतक्या वेगवेगळ्या वर्णलेखनात, की ती पाती त्याची असणे अशक्य. त्यांतली बहुसंख्य झोलिंगेनची आहेत, पुष्कळशी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी ठोकलेली. तोलेदोच्या नामवंत उस्तादांची नावेही झोलिंगेनमध्ये अशीच कोरली गेली. धावत्या लांडग्याची खूण मुळात डॅन्यूबकाठच्या पासाऊची. तिचा दबदबा पाहून झोलिंगेनने ती उचलली, आणि पुढे चार-पाच ओरखड्यांत काढलेला तो प्राणी लांडगा आहे की कोल्हा हेही कळेनासे झाले. जिनोआची म्हणून समजली जाणारी दातेरी चंद्रकोरीची जोडी आल्प्सच्या पायथ्यापासून कॉकेशसपर्यंत आणि तिथून हिंदुस्थानापर्यंत नकलली गेली. आपल्याकडच्या लोहारांनीही युरोपी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या पण काहीच अर्थ नसलेल्या ओळी पात्यांवर उठवल्या. गिऱ्हाइकाला ती अक्षरे वाचायची नव्हती, ती असलेली पाहायची होती. पात्यावरची छाप ही सही नसून बाजारातली हमी होती, आणि हमीची नक्कल कुठल्याही बाजारात होतेच.

मराठी इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या तलवारींच्या चर्चेला हे ध्यानात घेऊन पुन्हा पाहावे लागते. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात भवानी तलवारीचे पाते जिनोआचे असल्याचे लिहिले. त्या काळच्या इंग्रजांच्या तोंडी उत्तम युरोपी पाते म्हणजे ‘जिनोआचे’ असा सर्रास प्रयोग होता, त्यामुळे या विधानाला मूळस्थानाचा पुरावा मानण्याऐवजी गुणवत्तेचा शेरा मानणे जास्त सुरक्षित आहे. १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला कोल्हापूरकडून भेट दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार घ्या. तिच्या पात्यावर ‘आय एच एस’ ही येशूच्या नामाची अक्षरे उमटवलेली आहेत. या अक्षरांवरून कोणी ते पोर्तुगीज ठरवतो, कोणी स्पॅनिश. पण ही अक्षरे कुणा एका कारागिराची किंवा शहराची नव्हती. कॅथलिक ग्राहकासाठी काम करणारा कोणताही लोहार ती उमटवी, आणि झोलिंगेनच्या लोहाराला कॅथलिक ग्राहक वर्ज्य नव्हता. त्या छापेवरून पाते ख्रिस्ती युरोपसाठी घडवलेले, किंवा तसे दिसावे म्हणून घडवलेले, एवढेच ठरते. त्यापलीकडे जे काही सांगितले जाते ते छापेतून आलेले नाही. सांगणाऱ्याच्या मनात ते आधीच होते.

बिनछापी पात्यांकडे वळू, कारण संख्येने तीच जास्त. छाप नाही म्हणजे कारागीर हलका, किंवा पाते देशीच, असा निष्कर्ष काढण्याची घाई केली जाते. छाप नाहीशी होण्याची साधी कारणे तलवारीच्या रचनेतच आहेत. युरोपी लोहार आपली खूण बहुधा पात्याच्या मुळाशी, मुठीच्या लगत उमटवी. आपल्याकडची मूठ बसवताना नेमक्या त्याच भागावर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या खिळवून पाते भक्कम केले जाई. छाप त्या पट्टीखाली गेली. काही वेळा जुन्या पात्याचा मुळाकडचा भाग कापून किंवा ठोकून मुठीत शिरणारी नवी शेपटी काढली जाई. मग छाप कायमचीच गेली. मूठ लाखेने बसवलेली असल्याने ती तापवली की पाते सुटे होते. त्यामुळे एका पात्याने दोन-तीन पिढ्यांत दोन-तीन मुठी बदलणे यात काही विशेष नव्हते, आणि प्रत्येक वेळी शिकलगाराच्या हातून ते पुन्हा घासले जाई. शंभर-दीडशे वर्षांच्या घासणीत उथळ छाप सहज पुसट होते. मोडलेली पाती तर वेगळ्याच आयुष्याला लागत: दक्षिणेत सतराव्या शतकातल्या कितीतरी कट्यारींना युरोपी तलवारींचे तुकडे लावलेले आहेत, आणि टोकाकडच्या तुकड्यावर छाप असण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा छापेचा अभाव हा पुष्कळदा इथल्या वापराचा परिणाम आहे. तो कारागिराबद्दल काही सांगत नाही, पात्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल सांगतो.

इथे एक जाणता आक्षेप येईल, आणि तो जर्मनीतूनच येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी बिल्ल्यांचे अभ्यासक बिनछापी बिल्ल्याचाही कारखाना नाव घेऊन सांगतात. १९४१ पासून तिथे मानचिन्हे बनवणाऱ्यांच्या संघटनेने प्रत्येक कारखान्याला क्रमांक दिले होते. तरीही हजारो बिल्ले क्रमांकाशिवाय बाहेर पडले, आणि युद्ध लांबले तशी पितळी मिश्रधातूची जागा हलक्या जस्ताने घेतली. अभ्यासकांनी क्रमांक असलेला एक बिल्ला आणि नसलेला एक बिल्ला शेजारी ठेवला. ठप्प्यातला तोच बारीक तडा, मागची तीच बिजागरी, पिन अडकवण्याचा तोच आकडा दिसला की कारखाना ठरला. यात आपल्याला जवळचे एक उदाहरणही आहे: सुभाषचंद्र बोस बर्लिनमध्ये असताना आझाद हिंदच्या नावाने जी मानचिन्हे काढली गेली, ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सोव्हाल या कारखान्यात बनली. मग तलवारीच्या बाबतीतच हताश का व्हावे? हताश होऊ नये हे मला मान्य आहे, पण ती पद्धत जशीच्या तशी इथे लागू पडत नाही. बिल्ला ठप्प्यातून निघतो. ठप्प्याला गेलेला तडा त्यानंतरच्या प्रत्येक नगावर उतरतो. हाताने ठोकलेल्या पात्यात असे पुनरावृत्त होणारे व्यंग नसते. प्रत्येक पाते वेगळ्या हातोड्याखाली जन्मते. झोलिंगेनच्या कामात ठप्प्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे छाप उमटवण्याचा पंच, आणि बिनछापी पात्यावर नेमका तोच नाही. शिवाय सोव्हालचे उदाहरण दुसरीकडूनही शिकवते. त्या कारखान्याने युद्ध संपल्यावरही जुन्या ठप्प्यांतून चिन्हे काढली. म्हणजे कारखाना अचूक ओळखला तरी काळ चुकू शकतो.

त्या अभ्यासातून घ्यायची गोष्ट आहे ती तिची शिस्त: वस्तूचा दर्शनी भाग सोडून तिची पाठ पाहणे. मानचिन्हाचा पुढचा भाग सारेच सारखा करतात, मागच्या बाजूला मात्र कारागीर आपल्या सवयीने वागतो. तलवारीची पाठ म्हणजे पात्याचा काटछेद, मध्यातून जाणाऱ्या खाचांची संख्या, त्यांची सुरुवात आणि त्या कशा विरतात, पाठीची जाडी मुळापासून टोकापर्यंत कशी उतरते, आणि मुठीत लपलेल्या शेपटीची घडण. सहाणेवर चाकाने घासलेली खाच आणि हाताने खरवडलेली खाच यांच्या कडा वेगळ्या असतात. पोलादाच्या आतही साक्ष असते. मुशीत पूर्ण वितळलेल्या पोलादात मळ जवळजवळ उरत नाही. भट्टीत न वितळता घन स्थितीत मिळवलेल्या आणि घड्या घालून ठोकलेल्या युरोपी लोखंड-पोलादात मळाचे लांबट कण अडकून राहतात. अ‍ॅलन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वॉलेस संग्रहातल्या भारतीय तलवारी न्यूट्रॉनच्या झोताने तपासल्या, म्हणजे कुठेही न कापता आतली घडण वाचता येते हे दिसून आले. काळ ठरवायला मुठी उपयोगी पडतात. बिकानेरच्या अनूपसिंहाने १६८९ मध्ये अदोनीच्या किल्ल्यातून आणलेली शस्त्रे जुनागढच्या शस्त्रागारात आहेत. तिथल्या मुठी निदान त्या सालाच्या आधीच्या आहेत हे ठाम असल्याने दख्खनी मुठींच्या कालक्रमाला एक खुंटी मिळाली. हे सारे एकत्र केले की बिनछापी पात्याबद्दल ‘सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, जर्मन घडण, मूठ दख्खनी, बहुधा दुसऱ्यांदा बसवलेली’ इतके म्हणता येते. प्रयोगशाळा सर्व प्रश्न मिटवील ही आशा मात्र फोल आहे. पोलादाचा प्रवास पात्याइतकाच लांबचा असे. कच्चा माल एका देशातला आणि हातोडा दुसऱ्या देशातला, हे युरोपातही चालायचे. प्रयोगशाळा प्रक्रिया सांगते. माणूस सांगत नाही, आणि गावही नेहमी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. कोणी बनवली याला काय करायचे, ती कोणाच्या हातात होती हेच खरे, असे बरेच जण म्हणतील. भावना म्हणून हे समजते. पण ‘कोणाची’ हा प्रश्न सोडवण्याचे सर्वांत निर्मम साधन ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हेच आहे. मालकाबद्दलचे पुरावे बहुतेक वेळा वस्तूच्या बाहेर असतात: पेटीवरचा मजकूर, घराण्यातली सांगी, भेटीचा कागद. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेल्या वाघनखांचे तसेच झाले; सगळा भार त्यांच्या पेटीवरच्या लेखावर, आणि ती प्रत्यक्ष अफझलखानावर चालवली गेली हे पडताळता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नोंदवून ठेवलेले. पात्याची घडण मालकी सिद्ध करू शकत नाही, हे खरे. पण ती मालकी नाकारू शकते. एखाद्या पुरुषाच्या नावे सांगितलेले पाते त्याच्या मृत्यूनंतरच्या पद्धतीने घडवलेले निघाले तर सांगी कितीही जुनी असो, ती मागे घ्यावी लागते. आणि पाते काळाला धरून निघाले तर सांगीला निदान उभे राहायला जागा मिळते. कर्त्याच्या प्रश्नाला क्षुल्लक म्हणणारे आपल्या आवडत्या प्रश्नाचा एकमेव वस्तुनिष्ठ साक्षीदार दारातून परत पाठवतात.

तिसरा आक्षेप अभिमानाचा. मराठ्यांच्या तलवारीचे पाते जर्मन, असे म्हटले की इथल्या कारागिराला कमीपणा येतो. मला उलट वाटते. झोलिंगेनहून निघालेले पाते ही एक लांब पट्टी होती. ते शस्त्र झाले ते इथे. मुठीचे वजन किती ठेवले म्हणजे एवढ्या लांब पात्याचा तोल मनगटाजवळ येईल, परज कुठवर न्यावी, पट्ट्या पात्यावर किती पुढे आणाव्यात म्हणजे आघात मुळाशी न साचता पसरेल, हे निर्णय ज्याने घेतले तो त्या शस्त्राचा खरा रचनाकार. त्याचे नाव कुठेच नाही, ना पट्टीवर, ना परजेवर, ना हिशेबाच्या कागदात सहज सापडेल असे. आपल्या चर्चेत तर त्याचा उल्लेखही होत नाही. आपण पोर्तुगीज की स्पॅनिश यातच अडकलेलो. शिवाय प्रत्येक युरोपी दिसणारी वस्तू युरोपी असतेच असेही नाही. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि युरोपी धर्तीच्या बंदुका बनत. ठोकणारे हात इथले. युरोपी नमुन्याची तलवारपातीही इथे बनली, आणि त्यांतली चांगली पाती आजही जाणकारांना गोंधळात टाकतात. एखादे बिनछापी पाते जर्मन की दख्खनी हे ठरवता न येणे ही दख्खनच्या लोहाराला मिळालेली पावतीच म्हणावी लागेल, तो ती घ्यायला हजर नसला तरी.

पुरावा कसा हातातून निसटतो हे तंजावरात दिसले. मराठ्यांच्या त्या दक्षिणी राज्याचे शस्त्रागार भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर सरकारच्या ताब्यात आले. १८६३ च्या सुमारास निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयाकडे काढून ठेवून उरलेली शस्त्रे मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये त्याची हळहळती हकीकत छापली. निवडीची कसोटी अर्थातच नक्षी होती. सोन्याचांदीचे काम असलेली, देवतांच्या आणि याळींच्या मूर्ती कोरलेली शस्त्रे वाचली, साधी गेली. कर्त्याचा माग काढणाऱ्याला नेमका तो साधा ढीग हवा होता. मुठीतून निखळलेली शेकडो पाती, उघड्या पडलेल्या शेपट्या, पट्टीखालून बाहेर आलेल्या छापा, आणि तुलनेला एकाच जातीचे पुष्कळ नग, असा योग संग्रहालयाच्या काचेआड कधीच येत नाही, कारण तिथे प्रत्येक तलवार एकुलती एक म्हणून मांडलेली असते.

आता एक संधी मात्र ताजी आहे. नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांच्या नावाची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपी, एकधारी, दोन खाचांचे. मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द सोन्याने लिहिलेला. तिकडे बलवंतसिंह रामनगरचा किल्ला बांधत होते तेव्हा इकडे रघुजींच्या फौजा बंगाल-ओडिशा तुडवत होत्या. १७५५ मध्ये रघुजी वारले. लेखामुळे मालकाचा प्रश्न इथे इतर तलवारींइतका अडत नाही, आणि तलवारीच्या जातीची नोंदही मालकाच्याच दफ्तराने करून ठेवलेली आहे. कर्ता मात्र लेखात नाही, ना पात्याचा, ना मुठीचा. ही तलवार काचेआड कायमची बंद होण्यापूर्वी तिच्या मुठीचे आणि पात्याच्या मुळाचे क्ष-किरण चित्र काढणे अवघड नाही. त्यात मूठ उघडावी लागत नाही, लाखेला धक्का लागत नाही. शेपटी मूळची आहे की नंतर काढलेली, हे त्यात दिसेल, आणि मुळाशी खोल उमटवलेली छाप झाकली गेली असेल तर कदाचित तीही. अशी छाप निघाली तर ती आधी झोलिंगेनच्या पत्रकांशी ताडून पाहावी. आणि ती धावता लांडगा निघाली, तर पात्याचे गाव त्या छापेवरून ठरले असे कोणी जाहीर करू नये, खाचा आणि पोलाद काय म्हणतात ते विचारावे.